मास्तरांच्या नाकाचा पीळ

मास्तरांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर ते फक्त कापडाचं. बायकोचं नाही, बहिणीचं नाही, गिऱ्हाइकाचं तर मुळीच नाही. गिऱ्हाईक म्हणे, "बाह्या जरा लांब ठेवा," आणि मास्तर मान डोलवून बाह्या जिथे असायला हव्यात तिथेच ठेवत. मग गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशापुढे उभं राही, पुढून बघे, वळून मागून बघे आणि खूश होऊन म्हणे, "आता कशा बरोबर झाल्या बघा!" मास्तर म्हणत, "तुम्ही सांगितलंत तशाच केल्या."

वहिनीला हे सगळं पाठ होतं. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. दुकानातले कारागीर तिला वहिनी म्हणत, गिऱ्हाइकं वहिनी म्हणत, समोरचा इस्त्रीवाला तिच्या वडलांच्या वयाचा, तोही वहिनीच म्हणे, तेव्हा आपण वेगळं काही म्हणायचं कारण नाही. ती गल्ल्यामागे बसून तुरपाई करी, मापं सांभाळी आणि मास्तरांनी दुखावलेल्या गिऱ्हाइकांना गोड बोलून परत आणी. हे शेवटचं काम बारमाही चाले.

तर अशा या मास्तरांच्या नाकावर, चष्मा टेकतो त्याच्या जरा खाली, एक खपली धरली. पडली, परत धरली. वहिनी म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. मास्तर म्हणाले, चष्मा घासतो. त्यांनी चष्मा बदलला. खपली जागच्या जागी. वहिनी परत म्हणाली, अहो, दाखवा. मास्तर म्हणाले, हाही घासतो. शेवटी एकदा गिऱ्हाइकाचा खांदा मापताना खपलीतून रक्ताचा थेंब त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडला. आता कापडाला डाग लागला म्हटल्यावर मास्तर हातातला टेप तसाच गळ्यात घेऊन दवाखान्यात हजर.

तुकडा तपासायला गेला आणि उत्तर आलं की कातडीचा कॅन्सर आहे. अंगभर पसरणारा नव्हे, पण जिथे आहे तिथलं खात बसणारा. तो काढला. नीट, मुळापासून काढला, पण त्याच्याबरोबर नाकाचा शेंडा आणि डावी नाकपुडी गेली. वहिनी चार दिवस भिंतीकडे तोंड करून रडली. मास्तरांसमोर मात्र तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, कारण मास्तरच रडले असते तर ती काय करणार होती?

नवं नाक करायचं काम एका डॉक्टरबाईंकडे आलं. वयाने तरुण, केस बारीक कापलेले, बोलणं कमी. मास्तरांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे वन्संनी, त्यांना पाहिल्या पाहिल्या जाहीर केलं, "ही पोरगी काय नाक करणार!" वहिनीला मात्र त्या आवडल्या. टेबलावरचा कागदी नॅपकिन ओढून त्यांनी त्यावर पेनने एक तोंड काढलं आणि सगळं समजावून सांगितलं.

"जोड तुमच्याच कपाळाच्या कातडीचा," त्या म्हणाल्या. "रंग जुळतो, जाडी जुळते."

मास्तरांना हे एकदम पटलं. "बरोबर. त्याच ताग्यातलं हवं."

"कपाळावरून कातडीची पट्टी खाली वळवायची आणि नाकावर शिवायची. पण भुवईपाशी ती जोडलेलीच ठेवायची, कारण रक्त तिथूनच येणार. नाकावर ती रुजली, की तीनेक आठवड्यांनी मधला पट्टा कापून टाकायचा."

"तोवर तो असाच लोंबणार?" वहिनीने विचारलं.

"तोवर असाच. आणि भुवईपाशी पट्टा उलटा फिरतो, म्हणून तिथे पीळ पडतो. तो राहणारच. त्याला हात लावायचा नाही. चष्मा नाही, टोपी नाही, बांधायचं नाही, दाबायचं नाही. त्या पिळातूनच रक्ताची ये-जा असते."

मास्तरांनी मान डोलवली. बाह्या लांब करायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकापुढे डोलवत तशीच. ती मान वहिनीने पाहिली होती, पण त्या वेळी तिच्या डोक्यात ऑपरेशनशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं.

ऑपरेशन छान झालं. मास्तर घरी आले ते कपाळापासून नाकापर्यंत एक पट्टा घेऊन. बघायला येणारे दारात जोडे काढतानाच चेहरा सरळ करून घेत आणि आत आल्यावर मास्तरांच्या कानाशी बोलत. त्यात घरात बोलायची पंचाईत! आपल्या भाषेत माणसाचं नाक किती ठिकाणी येतं, हे वहिनीला त्या दिवसांत कळलं. नाकी नऊ आले म्हणावं तर जीभ चावायची, नाकासमोर चालणारा माणूस म्हणावं तर गप्प बसायचं. वन्संना ही अडचण नव्हती. त्या आल्या, भावाकडे बघून "बाई गं!" म्हणाल्या, आणि मग तासभर शेजारणीने आपली नाचक्की कशी केली, आपण तिचं नाक कसं ठेचलं, हे सांगत बसल्या.

मास्तरांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ते आरशात बघत होते. चष्मा घालायची बंदी, म्हणून चष्मा हातात धरून, डोळ्यांपुढे मागे-पुढे करून बघत होते. घर दुकानाच्या मागेच, तेव्हा आरशांना तोटा नव्हता.

"शिवण चांगली आहे," ते संध्याकाळी म्हणाले. "बारीक टाके, सारखे. मुलीचा हात चांगला आहे."

"बरं झालं बाई," वहिनी म्हणाली.

"पण पीळ आहे."

"पीळ राहणार असं त्यांनी आधीच सांगितलंय."

"अगं, पट्ट्यात पीळ राहिला की ओढ बसते. ओढ बसली की शिवण उसवते. आज नाही, चार दिवसांनी, पण उसवते. पिळलेला पट्टा मी माझ्या दुकानातून आजवर बाहेर जाऊ दिला आहे का?"

"हे कापड आहे का? हात लावू नका म्हणालेत."

"हात कुठे लावतोय? पट्टी लावतोय."

आणि ते उठून कात्री घ्यायला गेले. वहिनी मागोमाग. ती नको नको म्हणत होती आणि ते कोटाच्या अस्तरातलं मऊ कापड निवडत होते. कापड त्यांनी तिरकं कापलं, उरेब म्हणतात ते, म्हणजे ताण दिला की ते हळूच पसरतं, आवळत नाही. चष्म्याशिवाय दिसेना तेव्हा म्हणाले, "चष्मा धर." आणि वहिनीने, नको नको म्हणतच, त्यांच्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर चष्मा धरला. नवरा चुकतोय हे दिसत असताना त्याचा चष्मा धरून उभं राहायची तिला सवय होती, त्याला काय करणार? त्यांनी खांद्यात घालायच्या पॅडचा एक तुकडा काढला, पट्टीत बसवला, तो पिळावर ठेवला आणि पट्टी डोक्यामागून नेऊन बांधली.

"आता बघ! पडला की नाही सरळ?"

पट्टा खरोखरच सरळ पडला होता. हे वहिनीलाही नाकारता येईना.

सकाळी मास्तरांचं नवं नाक जांभळं झालं होतं. वांग्यासारखं, टरटरून फुगलेलं. मास्तरांनी पट्टी सोडली, केराच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "उतरेल रंग." वहिनी चहा टाकून आली, रंग तसाच. तिने चहा तसाच ठेवून गाडी बोलावली.

गाडीत मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पट्टीचं काही बोलायचं नाही."

"का?"

"उगाच."

"उगाच म्हणजे?"

"त्या मुलीला वाटेल, इतकी वर्षं शिवतोय आणि ह्याला एवढंही कळत नाही."

वहिनीकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण गाडीवाला ऐकत होता.

दवाखान्यात मास्तरांना झगा चढवून झोपवलं. डॉक्टरबाईंनी नाक पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बोटाने नाकाचा शेंडा दाबला, सोडला. रंग फटकन परत आला. त्यांनी सुईने बारीकसं टोचलं. काळपट रक्त आलं आणि वाहत राहिलं.

"रक्त आत येतंय, बाहेर जात नाहीये," त्या म्हणाल्या. "शीर कुठेतरी दबलीय. असंच राहिलं तर नाक काळं पडेल आणि गळून जाईल. घरी काही बांधलं होतं? चष्मा, टोपी, काही?"

"नाही," मास्तर म्हणाले. आणि छताकडे बघायला लागले.

डॉक्टरबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मग माझ्याकडूनच पीळ घट्ट झाला असणार. चूक माझी. आत्ताच थिएटरमध्ये घेऊन मूळ पुन्हा उघडावं लागेल. त्यात सगळीच कातडी हातची जायचा धोका आहे, पण दुसरा इलाज दिसत नाही." आणि त्यांनी सिस्टरला हाक मारली.

वहिनीने त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छतावरचा पंखा बघत होते, जणू त्याचं माप घ्यायचं आहे.

"बांधली होती," वहिनी म्हणाली. "पट्टी. रात्रभर."

डॉक्टरबाई वळल्या. "कुणी?"

आता खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. पण नुकतंच ह्या माणसाने तोंडावर "नाही" म्हटलेलं. आता "ह्यांनी" म्हणावं तर त्यांना सिस्टरदेखत, त्या पोरीदेखत खोटं पाडायचं. कपाळावर टाके, अर्धं नाक गेलेलं, अंगात दवाखान्याचा मागे नाड्या असलेला झगा. एवढ्या अवस्थेत आणखी हेही? तिच्या तोंडून निघून गेलं, "मी."

मग काय विचारता! डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या, पण राखून ठेवलेलं सगळं त्या दिवशी बोलल्या. "चांगल्या शहाण्या दिसता हो तुम्ही! नॅपकिनवर चित्र काढून सांगितलं होतं मी! तुमच्यासमोर सांगितलं होतं ना, की बांधायचं नाही?" वहिनी मान खाली घालून "हो" म्हणत राहिली. बोलता बोलता डॉक्टरबाईंनी दिवा जवळ ओढून पिळाच्या कडेला उमटलेली रेघ पाहिली आणि त्यांचा राग जरा निवला. "दाब बाहेरचा होता. म्हणजे मूळ उघडायची गरज नाही. आता दाब गेलाय, तर शीर सावरायला वेळ देऊ. एक-दोन टाके सैल करते. आणि तुंबलेलं रक्त काढायला जळवा लावू."

"काय लावू?" वहिनी म्हणाली.

"जळवा."

वहिनीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दुकानात पाल निघाली तर ती कापडं कापायच्या टेबलावर चढायची, गिऱ्हाईक असो नसो. अशा बाईच्या पुढ्यात सिस्टरने एक बरणी आणून ठेवली. पाण्यात काळपट-हिरवट वळवळ, वर भोकाभोकांचं झाकण. सिस्टर अंगाने दणकट, आवाज शांत. जळवांबद्दल ती वॉर्डातल्या पेशंटांबद्दल बोलावं तशी बोले. "ही जरा आळशी आहे. ही मात्र लगेच धरते."

आधी तिने मास्तरांच्या डाव्या नाकपुडीत कापसाचा बोळा बसवला. "आत शिरायला नको," ती सहज म्हणाली. मग नाकाचा शेंडा साध्या पाण्याने पुसला, कारण औषधाचा वास आला तर म्हणे जळू तोंड लावत नाही. सुईने रक्ताचा थेंब काढला आणि जळू टेकवली. जळूने इकडेतिकडे तोंड फिरवलं, विचार केला आणि धरलं.

"दुखतंय का?" वहिनीने डोळे मिटूनच विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "कपाळावर काहीतरी चालल्यासारखं वाटतं."

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाली. "कातडी कपाळाची आहे. तिला अजून कळलेलं नाही आपण नाक झालोय ते."

वहिनीला काम लावून दिलं होतं: समोर बसायचं, जळू जागा सोडून फिरायला लागली तर हाक मारायची, पोट भरून गळून पडली तर चिमट्याने उचलून दुसऱ्या भांड्यात टाकायची. ओढायची नाही, मीठ टाकायचं नाही. तसं केलं तर ती पोटातलं सगळं जखमेत ओकते आणि त्यातून जंतू शिरतात. त्यासाठीच मास्तरांना आधीपासून औषधाच्या बाटल्या चालू होत्या. जळू सुटल्यावरही जखम तासन्‌तास झिरपत राही, आणि तेच हवं होतं. तेवढं तुंबलेलं रक्त बाहेर. कापूस बदलता बदलता वहिनीच्या हाताला पीळ पडे. मास्तरांच्या अंगातलं रक्त उतरलं म्हणून एकदा बाहेरचं रक्तही चढवावं लागलं.

पहिली जळू गळून मास्तरांच्या छातीवर पडली तेव्हा वहिनी खुर्चीवर उभी होती. दुसरीच्या वेळी ती खुर्चीमागे होती. चौथी-पाचवी तिने चिमट्याने उचलली, भांड्यात टाकली आणि मग बाहेर जाऊन बेसिनपाशी वांती केली. आणि परत येऊन बसली. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

वन्सं रोज येत. पहिल्या दिवशी त्या पर्समधून मिठाची पुडी घेऊन आल्या. "जळू काढायला," त्या कानात म्हणाल्या. सिस्टरने ती पुडी काढून घेतली आणि जाताना परत देते म्हणाली. त्यामुळे वन्संना जो राग आला तो सगळा वहिनीवर निघाला.

"पट्टी बांधायची अक्कल कुठून सुचली तुला? माझा भाऊ बिचारा गरीब गाय. तू बांध म्हणालीस, त्याने बांधून घेतली असेल!"

गरीब गाय नाकावर जळू घेऊन पडली होती. जळू लावलेली असताना बोलायचं नाही असं कुणीच म्हटलं नव्हतं, पण मास्तरांनी ते आपल्या मनाने धरलं होतं. वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

हे रोज चाललं. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीला कळलं, तिच्या सुनेला कळलं, चहा आणणाऱ्या बाईला कळलं. "ह्याच का पट्टीवाल्या?" असं कुणीतरी दारातून विचारलं. दुकानातला मोठा कारागीर कामाचं विचारायला आला, तोही जाता जाता म्हणाला, "वहिनी, तुम्ही असं कसं केलंत?" वहिनी म्हणाली, "झालं खरं." तिला वाटलं, आता तरी हे बोलतील. मास्तर म्हणाले, "त्या राखाडी कोटाचं अस्तर बदल."

रात्रंदिवस तिचा जीव त्या नाकात अडकलेला होता, हे खरं. पण त्याहून आत काहीतरी अडलं होतं. हा माणूस एकदा तरी म्हणणार आहे का, की ही नाही, मी? सगळ्यांसमोर नको, निदान तिच्यासमोर. पाणी पाजताना, कापूस बदलताना, त्यांचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर. तेवढ्यातल्या तेवढ्यात दोन शब्द. तिने मागितलं नाही. मागून मिळालं असतं तर तिला ते नको होतं. पण ते मिळालं नाही तर घरी जाऊन ह्या माणसाच्या कोटांना तुरपाई कशाला करायची, हेही तिला कळेनासं झालं होतं, आणि असला विचार इतक्या वर्षांत तिच्या मनात पहिल्यांदाच आला होता. त्या विचाराची तिला जळवांपेक्षा जास्त भीती वाटली.

हळूहळू नाकाचा रंग उतरला. जांभळ्याचं लाल झालं, लालाचं गुलाबी. नाकपुडीच्या कडेचा नखाएवढा तुकडा तेवढा काळा पडून वाळला. "तो गेला," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण आपोआप भरेल. खाच राहिली तर पुढे बघू. नाक वाचलं." वहिनीने हातातला चिमटा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आल्या. वन्सं आधीच येऊन फळं चिरत बसल्या होत्या. वहिनी कापसाच्या घड्या घालत होती. घोळका पलंगाभोवती उभा राहिला आणि हातातल्या वह्या उघडल्या.

"ह्यांच्यात शीर तुंबली होती," डॉक्टरबाई सांगू लागल्या. "मला आधी वाटलं, मुळाशी पीळ घट्ट झालाय. तसं समजून परत उघडलं असतं तर कदाचित सगळंच गेलं असतं. म्हणून लक्षात ठेवा, कातडीने दगा दिला की आधी बाहेरचा दाब शोधायचा. आणि घरच्यांना एकदा नाही, तीनदा समजावायचं. प्रेमापोटी लोक काय वाटेल ते करतात. इथे पत्नीने कुठली तरी चिंधी घेतली आणि डोक्याला कशीतरी गुंडाळली—"

"चिंधी?" पलंगावरून आवाज आला.

सगळे थांबले. मास्तर कोपरावर उठून बसत होते.

"चिंधी नव्हती ती," मास्तर म्हणाले.

"बरं, कापड—"

"उरेब पट्टी होती. अस्तराच्या कापडाची, दुहेरी. आतून पॅड, आणि पॅडच्या कडा तासलेल्या, म्हणजे कातडीला रुतू नयेत. दोन्ही कानांवर ताण सारखा. कशीतरी गुंडाळली म्हणे!" मास्तरांचं नवं नाक रागाने आणखी गुलाबी झालं. "उरेब कापणं म्हणजे काय खेळ वाटला? हिला जन्मात जमणार नाही तशी पट्टी!"

वह्यांवरची पेनं थांबली. मग घोळक्यातल्या एका मुलीने भीत भीत विचारलं, "मग कुणी बांधली?"

मास्तर थांबले. आपण कुठे येऊन पोचलो हे त्यांना आत्ता दिसलं असावं. त्यांनी छताकडे पाहिलं. मग मान खाली आणली.

"मी," ते म्हणाले.

वन्संच्या हातातली सुरी फळात तशीच राहिली. डॉक्टरबाई वहिनीकडे वळल्या. "मग तुम्ही माझं एवढं का ऐकून घेतलंत?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा हे पंखा बघत होते," वहिनी म्हणाली. "कुणीतरी सांगायला हवं होतं. तुम्ही कापायला निघाला होतात."

वहिनीने कापसाची घडी बाजूला ठेवली आणि ती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"माझ्यासाठी नाही बोललात तुम्ही," ती म्हणाली. "पट्टीसाठी बोललात."

मास्तरांनी विचार केला. खोटं बोलायला जागा नव्हती, आणि त्यांनी शोधलीही नाही.

"हो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण बोललो."

वहिनीला एकाच वेळी त्यांना बदडावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसं वाटलं, आणि दोन्हीला डॉक्टरांची मनाई होती. इतके दिवस दाबून धरलेलं रडू त्या सगळ्या घोळक्यासमोर फुटलं. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "नाक नसतं राहिलं तरी मी निभावलं असतं हो. पण तुम्ही बोलला नसतात, तर नसतं निभावलं मी."

मास्तर पलंगावर जरा सरकले आणि तिला बसायला जागा केली. ती बसल्यावर त्यांनी घोळक्यातल्या त्या मुलीकडे बोट केलं.

"लिहिलंत ना? ते खोडा. पेशंटने स्वतः बांधली, असं लिहा. बायको नको म्हणत होती, हेही लिहा."